ओट्याची उंची

यंदा भारी, म्हणजे उशिरा पिकणारं, धान निघायला लागलं आणि पुन्हा सगळ्या गावाला शिंका सुरू झाल्या. धानाचं कूस, म्हणजे दाण्यावरच्या कुसळांचा भुगा, फार बारीक असतं. डोळ्यांना दिसत नाही, पण मानेला, कोपराच्या वळणाला आणि नाकाला बरोबर सापडतं. आमच्या घराला लागूनच आमची धानगिरणी, त्यामुळे मार्गशीर्ष-पौषात पाण्याचा माठ, देवघर, मुलांची पुस्तकं, जेवणाची ताटं, सगळ्यावर एक पिवळट थर बसतो. पूर्वी मी दिवसातून तीनदा पुसत असे. आता एकदाच पुसते, संध्याकाळी. धूळ तेवढीच असते, माझ्या दोन खेपा वाचतात.

हा हंगाम आला की लोकांना माहेर आठवतं, शाळा आठवते, कुणाला मंडईच्या जत्रेतलं दंडारीचं नाटक आणि त्याची गाणी आठवतात. मला कमेटीचे ओटे आठवतात. कमेटी म्हणजे आमची नगरपालिका. पाटीवर मोठं नाव आहे, पण गावात ते कोणी घेत नाही. पाच-सहा वर्षं झाली असतील त्या गोष्टीला. तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो आणि कमेटीचे कागद नागपूरला जात. आता आम्ही मुंबई राज्यात आहोत, कागद मुंबईला जातात. परत यायला दिवस तेवढेच लागतात.

मी कमेटीत गेले ती काही गावाचा उद्धार करायला नव्हे. एक बाई सभासद असावी असं वरून आलं होतं. अध्यक्ष नानाजी एका दुपारी गिरणीत आले. आमच्या गावात ते सगळ्यांशी आपल्याच बोलीत बोलत. सभेतसुद्धा.

"बाई, तुमाले कमेटीत घ्याचं म्हून राह्यलो."

"मी तिथं काय करू?"

"काई नाई जी. बसाचं. चहा येते."

"सभा किती वाजता असते?"

"दुपारी तीनले."

त्या वेळेला गिरणीचं इंजिन थंड करायला ठेवलेलं असे. मी हो म्हटलं. आमचे हे नुसतं वर पाहून पुन्हा वजनं पुसू लागले.

कमेटीची कचेरी म्हणजे कवेलूच्या छपराच्या दोन खोल्या. एकीत कपाट आणि सेक्रेटरी, दुसरीत लांब टेबल आणि आम्ही. दाराशी लहानू चपराशी. छातीवर पितळी बिल्ला, पायात काही नाही, मिशा पांढऱ्या. दवंडी तोच द्यायचा, कंदिलांच्या काचा तोच पुसायचा आणि कोंडवाड्याची किल्लीही त्याच्याच करगोट्याला असायची. माझ्या पहिल्या सभेत तीन विषय होते. कुण्या मोठ्या पाहुण्याच्या हातून लावलेलं झाड कोणाच्या शेळीनं खाल्लं. चावडीपुढच्या कंदिलाच्या खांबावर ओलं लुगडं कोण वाळत घालतं. आणि लहानूला मंडईसाठी सासुरवाडीला जायची रजा द्यावी की नाही. मी पदर सावरून, नवीन दौत-टाक घेऊन गेले होते. दोन तास शेळीवर गेले. घरी येताना वाटलं, हे तर मला येतंच की. शेळी कोणाची, पाणी कोणी भरायचं, दिवा कोणी विसरला, याच्यावरच आमचंही घर चालतं. फरक एवढाच, की घरी मी ठराव लिहून ठेवत नाही.

ते दिवस मला आवडू लागले होते, हे खरं आहे. कार्तिकातली सकाळ, अंगावर उबदार घोंगडी घेतलेले गाडीवान, बैलांच्या नाकातून निघणारी वाफ, खळ्यावरून येणारा ओल्या तणसाचा वास. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. ज्या गावची मंडई, त्या गावात घरोघर पाहुणे. पाहुणे आले की मासोळी हवी. नुसत्या वांग्यावर पाहुणे जेवतात, पण परत जाऊन सांगतात.

मासोळीचा बाजार गुरुवारी, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली. ढिवरांच्या बारा बाया तिथं ओळीनं बसत. पहाटे नवऱ्यांनी जाळी ओढायची, दिवस वर आला की बायांनी टोपल्या डोक्यावर घेऊन यायचं. मरळ, वाम, झिंगे, आणि तळहातावर दहा मावतील अशी चांदीसारखी बारीक मासोळी. कापायला प्रत्येकीपुढं पावशी. पुण्याकडे जिला विळी म्हणतात ती. पाट पायानं दाबून धरायचा, अंगठ्यानं पक्का रेटायचा आणि मासोळी पात्यावरून अशी फिरवायची की खवले उडतात पण बोट शाबूत राहतं.

या दोन महिन्यांत पैशानं कोणी मासोळी घेत नसे. धानावर घ्यायची. कापणीला गेलेल्या बायकांना मजुरी धानातच मिळते, आणि ते धान त्यांचं स्वतःचं असतं. नवऱ्याला विचारावं लागत नाही. म्हणून या दिवसांत आमच्याकडच्या बाया जरा ताठ चालतात. टोपलीत धान घेऊन यायचं, ढिवरीणीसमोर उकिडवं बसायचं, कल्ले उचलून पाहायचे, नाक मुरडायचं, घासाघीस करायची. सौदा जमला की उठून तिच्या पाठीमागं अंथरलेल्या कापडावर धान ओतायचं. ढिवरीण मागं वळून नुसत्या नजरेनं माप पाहायची. पौष सरला की मजुरीचं धान संपतं आणि हा बाजारही संपतो. त्या कापडावर दोन महिन्यांत जे पडेल, तेच ढिवरांच्या घरचं वर्षाचं अन्न. ही गोष्ट मला तेव्हा माहीत होती. माहीत असूनही मी जे केलं ते केलं.

पावसाळ्यात ती जागा म्हणजे निव्वळ चिखल. मी दर गुरुवारी पाहायची. लुगडी वर खोचून बाया चिखलात बसल्यात, बाजूनं डुकरं फिरताहेत. मला राग यायचा. त्यांचा नव्हे, आमचा. म्हणून मी सभेत विषय मांडला: मासोळी विकणाऱ्या बायकांसाठी पक्के ओटे बांधावेत आणि मासोळी ओट्यावरच विकली जावी. माझ्या सभासदकीतला हा पहिला ठराव. सगळ्यांनी हात वर केले. नानाजींनी टाळी वाजवली, म्हणून लहानूनंही दारातून वाजवली.

नागपूरहून ओव्हरसियर आले. तरुण होते, विजार घालायचे, वही चांगली ठेवायचे. त्यांनी विचारलं, "उंची किती ठेवायची?"

सभेत कोणी आढ्याकडे पाहिलं, कोणी चहाकडे. शेवटी मीच म्हटलं, "कमरेएवढी ठेवा. माल वर राहतो, वाकावं लागत नाही." आमच्या गिरणीत तोलायचा ओटा तेवढाच आहे. मी दिवसभर त्याच्यापुढं उभी असते, माझी कंबर दुखत नाही. जी गोष्ट मला सोयीची ती सगळ्या बायांना सोयीची असणार, असं मी धरून चालले. त्या बारा जणींपैकी एकीलाही विचारलं नाही. पाळीखाली जाऊन विचारायला पाच मिनिटं लागली असती.

कार्तिक पौर्णिमेच्या आत ओटे झाले. दगड-चुन्याचे, दोन रांगा, पाठीला पाठ लावून, मध्ये भिंत. दिसायला फार सुरेख. पौर्णिमेनंतरच्या पहिल्या गुरुवारी त्यांच्यावर एकही बाई बसली नाही.

दुसऱ्या गुरुवारीही नाही. ओट्यांवर कोणी मिरच्या वाळत घातल्या, कोणी पत्ते मांडले, आणि एक शेळी चढून उभी राहिली. मला वाटतं तीच, झाडवाली. बारा बाया मात्र ओट्यांच्या पायथ्याशी, जमिनीवर, जुन्याच ओळीत बसल्या होत्या. मला अपमान वाटला. सरळ सांगते, गावाचं नुकसान होतंय असं काही वाटलं नाही. माझा ठराव उन्हात पडलाय एवढंच वाटलं. पुढच्या सभेत मीच म्हटलं की एकदा दवंडी द्या, नाही ऐकलं तर टोपल्या जप्त करा.

लहानूनं दवंडी दिली. तिसऱ्या गुरुवारी त्यानं ओळीतली पहिली टोपली उचलली. कमेटीकडे कुलूप लागेल अशी कोंडवाड्याशिवाय दुसरी जागा नव्हती, म्हणून टोपली तिथं नेली. ते पाहून उरलेल्या अकरा जणी टोपल्या डोक्यावर घेऊन उठून गेल्या.

अर्ध्या तासात सायत्राबाई गिरणीत उभी. टोपली तिची होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, उंच, काटक, आणि आवाज असा की इंजिन चालू असलं तरी ऐकू यावा.

"बाई, माही टोपली सोडवा."

"टोपली कोंडवाड्यात आहे."

"मालूम हाये. एका अंगाले लंगडा गोऱ्हा, एका अंगाले माही टोपली. गोऱ्ह्याले लहानूभाऊ चारा टाकते. माह्या वामीले कोन पाहीन? भितीवर तीन मांजरी येऊन बसल्या."

"कमेटीचा ठराव आहे, सायत्राबाई. ओट्यावर बसा, टोपली परत घ्या."

"ठराव कोनं केला?"

"मी केला."

"मंग तुमीच बसून दाखवा."

मी म्हटलं, "बसेन. त्यात काय आहे?"

"मासोळी कापाची. आन धानावर विकाची. नुसतं फोटो काहाडाले बसल्यासारखं नाई."

"कापेन."

टोपली सोडायची चिठ्ठी घेऊन ती गेली. आमचे हे वजनामागून म्हणाले, "मासोळी घरी मीच कापतो." हे खरं होतं, पण त्या वेळी सांगायची गरज नव्हती.

चौथा गुरुवार. ओट्यावर चढायलाच एक दगड लागला. लुगडं सावरत चढले, पावशी मांडली, पाय पाटावर ठेवला. सायत्राबाईनं आपली टोपली माझ्यापुढं सरकवली आणि बाकीच्या अकरा जणींना घेऊन समोर उभी राहिली.

"पाहू द्या आमाले, कमेटी कशी कापते."

पहिली गिऱ्हाईक बाई आली, तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि पुढं गेली. दुसरीनं काळजीनं विचारलं, "काऊन जी बाई, गिरणी बंद पडली का?" मी एक मरळ कापली. ती कशी कापली हे सांगण्यासारखं नाही. त्या बारा जणींतल्या एकीला तर पाहवेना, ती पाठ फिरवून उभी राहिली.

मग आल्या पार्वताबाई. नानाजींची बायको. त्यांच्याकडे दुसऱ्या दिवसापासून मंडईचे पाहुणे यायचे होते. कडेवर टोपली, टोपलीत नवं धान. त्या ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि मान वर करून माझ्याकडे पाहू लागल्या. माझ्याकडे म्हणजे माझ्या पायाकडे. पावशी दाबून धरलेला माझा अंगठा बरोबर त्यांच्या नाकासमोर होता.

"घ्या ना," मी म्हटलं, "मरळ आहे, ताजी."

त्यांनी कल्ले पाहायला हात वर केला, तो मासोळीच्या आधी माझ्या पायाला लागला. आम्ही दोघीही झटकन मागं सरकलो. मग त्यांनी धानाची टोपली वर उचलली. मी हात पुढं केले. टोपली हातात आली आणि मला कळेना की ठेवायची कुठं. ओटा दोन हात रुंद. पुढं मासोळीचं पाणी, मागं मधली भिंत. जागा उरली ती एकच, माझ्या पायापाशी.

"बाई, पाय काहाडा जी."

"पाय काढला तर पावशी पडते, पार्वताबाई."

"मंग धान कुठी ठेवता? पायापाशी? नवं धान हाये. लक्ष्मी हाये."

मी टोपली हातात धरून बसले. पार्वताबाई हात वर करून उभ्या राहिल्या. मासोळीचं पाणी ओट्यावरून ओघळून त्यांच्या लुगड्यावर पडलं. शेवटी मी टोपली परत दिली आणि त्या काही न घेता गेल्या. त्यांच्याही मनात राग नव्हता. त्या ओट्यावर पुढं काय करायचं, ते त्यांनाही कळत नव्हतं आणि मलाही.

खाली बसलं की तोंडासमोर तोंड येतं. पाय जमिनीवर राहतात, धान पाठीमागं कापडावर जातं. पायाची आणि धानाची गाठच पडत नाही. ही सारी मांडणी मी कितीतरी वर्षं दर गुरुवारी पाहिली होती. मला तिच्यात फक्त चिखल दिसला होता.

मी खाली उतरले. उतरायलाही तो दगड लागलाच. सायत्राबाई हसली नाही. म्हणाली, "आमी काई हट्टानं नाई बसून राह्यलो खाली. चिखल आमाले गोड लागते का? पन गिऱ्हाईक येते तं पाहिजे."

"मग हे आधी सांगितलं का नाही?"

"इचारलं कोनं?"

मी पावशी धुऊन तिच्या हातात दिली.

तीन दिवसांनी सभा होती. मी उभी राहून म्हटलं, माझा ठराव चुकला, मी तो मागं घेते. सेक्रेटरींनी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं, बोट लावून वाचलं आणि अतिशय शांतपणे सांगितलं की झालेला ठराव सहा महिने फिरवता येत नाही.

"सहा महिनेच तं हायेत," एक सभासद म्हणाले, "उन्हाळ्यात फिरवू."

"उन्हाळ्यात धान कुठून येईल?" मी विचारलं. "पौष संपला की त्यांचा बाजार संपला. वर्षभर त्यांनी खायचं काय?"

कोणी म्हणालं, ओटे फोडा. सेक्रेटरींनी पुन्हा बोट लावलं. ओटे सरकारी मदतीतून झालेले, फोडायला नागपूरची परवानगी. कोणी म्हणालं, लहानूला गुरुवारी दुसऱ्या गावी पाठवा, म्हणजे जप्ती होणार नाही. हे त्यातल्या त्यात बरं होतं, पण लहानूच दारातून म्हणाला, "मी गेलो तं कंदील कोन पुसन?" सभा संपली. तोवर बारा जणी दारोदार हिंडून मासोळी विकू लागल्या होत्या. दारी आलेल्या मासोळीला कोणी मूठभर धान देई, कोणी पसाभर. बाजारात जे कापडभर पडायचं ते आता पदरात मावत होतं. मला दिवस दिसत होते. कार्तिक गेला होता, मार्गशीर्ष निम्मा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या पुढं गाड्यांची रांग लागली होती. आमचा गिरणीचा चौथराही कमरेएवढा उंच आहे. पोती चढवायला त्रास व्हायचा, म्हणून सासऱ्यांनी फार पूर्वी एका बाजूनं मुरूम टाकून चढ करून घेतला. चौथरा खाली आणला नाही, रस्ता वर नेला. मी कमरेवर हात ठेवून त्या चढाकडे पाहत उभी राहिले. हमाल म्हणाला, "बाई, सरका जी, पोतं घेऊन येऊन राह्यलो." मी सरकले आणि तशीच नानाजींकडे गेले.

नानाजी ओसरीवर बसले होते. आतून वांग्याच्या भाजीचा वास येत होता.

मी म्हटलं, "तलावाच्या पाळीशी कमेटीचा मुरूम पडलाय, तो मला द्या."

"तो रस्त्याचा हाये."

"बाजार रस्त्यावरच आहे. बाजारातले खड्डे बुजवायचेत. त्याला ठराव लागत नाही, ते अध्यक्षांच्या हातातलं आहे."

"खड्डे केवढे हायेत?"

"कमरेएवढे."

नानाजींच्या पोटातून हसू निघालं, ते थांबेना. "म्हंजे ओटे तसेच ठेवाचे, आन जमीन वर आनाची?"

"ठराव ओट्यावर बसण्याचा आहे. ओटा जमिनीपेक्षा उंच असावा असं त्यात कुठंच लिहिलेलं नाही. मी पुन्हा वाचून पाहिला."

"आन दोन रांगांच्या मंधात?"

"मधली भिंत नुसती वीतभर वर राहील. तिला टेकून बसतील. एक आड एक जागा सोडली की पाठीमागं नाही तर बाजूला, कापड अंथरायला जागा होते."

आतून पार्वताबाई म्हणाल्या, "देऊन टाका जी मुरूम. पाहुणे चार दिवसांपासून वांगे खाऊन राह्यले. काल माह्या भावानं इचारलं, तुमच्या गावचा तलाव आटला का म्हून."

मुरूम मिळाला. आता तो वाहायचा कसा? कमेटीची गाडी एक, आणि तिचे बैल लहानूपेक्षाही म्हातारे. पण हंगामात आमच्या गिरणीवर रोज पंधरा-वीस गाड्या यायच्या. धान उतरवलं की गाडी रिकामी, आणि गाडीवान झाडाखाली नंबर यायची वाट पाहत पडलेला. मी रांगेत जाऊन सांगितलं, "पाळीवरून बाजारात मुरमाची एक खेप टाकेल त्याचा नंबर आधी."

"दोन टाकल्या तं?" एकानं विचारलं.

"तरी एकदाच आधी."

"मंग एकच टाकतो."

पण दोन टाकल्या बहुतेकांनी. आठ-दहा दिवस आमच्या गिरणीत पहिल्यांदाच रांगेवरून भांडण झालं नाही. सगळे घाईघाईनं मुरूम टाकायला जायचे. बारा जणी डोक्यावरून मुरूम वाहून पसरायला आणि धुमस घेऊन भर ठोकायला आल्या, त्यांचे नवरे पाणी मारायला आले. सायत्राबाईनं सगळ्यांवर देखरेख केली. कोणाच्या हाताखाली काम करायचं तिला ठाऊकच नव्हतं. मी एकदा म्हटलं, उताराला जरा दगड लावा. ती म्हणाली, "तुमी उंचीचं नका सांगू जी बाई. ते आमी पाहतो." मी गिरणीत परत आले.

लाल मुरमाचं मोठं पटांगण तयार झालं, ओट्यांच्या माथ्याएवढं उंच, कडेनं उतार. गंमत अशी, की ज्या चिखलासाठी मी हा सगळा खटाटोप मांडला होता, तो चिखल या भरावानंच कायमचा गेला. ओट्यांचं नाव झालं, काम मुरमानं केलं. पौषातल्या पहिल्या गुरुवारी बारा जणी ओट्यांवर बसल्या आणि गिऱ्हाईक बाया त्यांच्यासमोर, मुरमावर, उकिडव्या. कोण कुठं बसणार यावरून आधी तासभर कडाक्याचं भांडण झालं. मला ते ऐकून फार बरं वाटलं. भांडण होतंय म्हणजे जागेला किंमत आली.

माघात ओव्हरसियर साहेब बांधकाम तपासायला आले. हातात तीच चांगली वही. सगळा बाजार त्यांनी दोनदा पालथा घातला. मग लहानूला म्हणाले, "ओटे कुठे आहेत?"

"साहेब, तुमी उभे हा त्याच्यावर."

त्यांनी खाली पाहिलं, टाचेनं ठोकून पाहिलं. वहीत त्यांनी काय लिहिलं मला माहीत नाही. नागपूरहून तक्रार आली नाही. आता ते कागद नागपुरात आहेत की मुंबईत, तेही कोणाला माहीत नसावं.

कमेटीतून मी आता मोकळी आहे. दुसऱ्या बाई आल्या आहेत, शिकलेल्या आहेत, टिपणं काढतात. परवा त्यांनी मला विचारलं की सभेत काय लक्षात ठेवावं. मी म्हटलं, सभा गुरुवारी ठेवू नका. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. पण गुरुवारी सभा असली की सभासद बाजारात जात नाहीत, आणि बाजारात गेलं नाही की उंची आपल्या कमरेनं मोजली जाते.

हे लिहिता लिहिता बाहेर गाड्या लागल्या आहेत, आणि मला त्या वर्षीची माघातलीच एक सकाळ दिसते आहे. रांग अशीच होती. सायत्राबाई डोक्यावर धानाचं पोतं घेऊन आली ती सरळ रांगेच्या पुढं.

"मुरूम मी डोक्यावर वाह्यला, बाई. गाडीवाल्याले पहिला नंबर, मंग मले काऊन नाई?"

"आहे. टाक पोतं. यंदा किती दिवस पुरेल?"

तिनं एक दाणा दाताखाली फोडला. "चार गुरवार गेले आमचे. तरी पोळ्यापावतर पुरते."

"आणि पुढं?"

"पुढं तलाव भरते."

मग गिरणीवरच्या गड्याच्या डोक्यावर उभी राहून तिनं धान कांडून घेतलं. कणी फार पडली म्हणून त्याला बोलली, मला बोलली, कोंडा वेगळा बांधून मागितला, आणि निघून गेली. रांगेतला पुढचा गाडीवान तणतणला. "आमी सकाळपासून बसून राह्यलो जी. ह्या बाईचा नंबर आधी कसा?"

"एकटीचा नाही, बारा जणींचा आहे," मी म्हटलं. "बैल सोडून ठेवा. अजून अकरा यायच्या आहेत."